वही कोणाच्या तिजोरीत?

जुन्या व्यापारी पेढ्यांत एक शिस्त कटाक्षाने पाळली जाई. पेढीवरची पाटी कोणत्याही रंगाऱ्याकडून रंगवून घेत. कीर्द-खतावणी मात्र विश्वासू मुनिमाच्या हाती राही आणि रात्री पेढी वाढवताना ती कुलुपात जाई. पाटी पावसाने धुऊन गेली तर आठ दिवसांत नवी लागे. वही गेली तर येण्या-देण्याचा सारा हिशेब जाई आणि त्याबरोबर पेढीची पतही जाई. म्हणूनच दीपावलीला पूजा होते ती वहीची. पाटीची पूजा केल्याचे कोणी ऐकले नाही.

आज समाजातील अनेक संस्था आपापली संकेतस्थळे उभारत आहेत आणि ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु ज्या सभेत संकेतस्थळाचा विषय निघतो, तिथे मुखपृष्ठावर कोणत्या मूर्तीचे छायाचित्र असावे, रंग केशरी असावा की पांढरा, विश्वस्तांची नावे कोणत्या क्रमाने यावीत, यावर तासभर चर्चा होते. ही सारी पाटीची चर्चा झाली. संकेतस्थळाच्या मागे जी वही आहे, ती कोणाच्या तिजोरीत राहणार, तिची दुसरी प्रत कोठे असणार आणि चावी कोणाकडे असणार, हे प्रश्न बहुधा विचारले जात नाहीत. ‘होस्टिंग’ या शब्दामागे खरे तर हेच प्रश्न दडलेले आहेत.

एखाद्या जिल्ह्याच्या गावातील संस्था नजरेसमोर आणावी. मंदिर, यात्री निवास, शिष्यवृत्ती निधी आणि वधू-वर सूचक केंद्र असा तिचा व्याप आहे. सूचक केंद्राकडे सुमारे २,००० स्थळांची नोंद आहे. कागदी अर्जांचे गठ्ठे सांभाळणे अवघड झाले, म्हणून संकेतस्थळ करण्याचे ठरते. तीन दरपत्रके येतात. एकात १० जीबी जागा, दुसऱ्यात ५० जीबी आणि तिसऱ्यात ‘अमर्याद’ जागा. अमर्याद जागेचा दर सर्वांत कमी, त्यामुळे ठराव एकमताने संमत होतो. चिटणिसांचा भाचा संगणकातला जाणकार. तो आपल्या स्वतःच्या ई-मेलवर खाते उघडतो, स्वतःच्या कार्डाने पैसे भरतो आणि चार रात्री जागून सर्व मांडणी करून देतो. संस्था त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करते.

तीन वर्षे सर्व सुरळीत चालते. चौथ्या वर्षी भाचा नोकरीनिमित्त परदेशी गेलेला असतो, जुना ई-मेल तो उघडत नाही आणि कार्डाची मुदतही संपलेली असते. नूतनीकरणाच्या सूचना त्याच पेटीत साचत राहतात. परिचय मेळाव्याच्या नोंदणीचा शेवटचा दिवस उजाडतो आणि पडद्यावर एकच ओळ दिसते : डेटाबेसशी जोडणी होऊ शकत नाही. काही आठवड्यांनी खाते बंद होते. विश्वस्तांच्या हाती उरते ती गेल्या वर्षीची छापील परिचय पुस्तिका. ज्या आई-वडिलांनी विश्वासाने मुलीची जन्मतारीख, शिक्षण, छायाचित्र आणि घरचा दूरध्वनी संस्थेच्या स्वाधीन केला होता, त्यांना उत्तर देण्यास कोणापाशी काही नसते.

या उदाहरणात कोणीही अप्रामाणिक नाही. भाच्याने मनापासून सेवा केली, विश्वस्तांनी संस्थेचा पैसा वाचवला. चूक झाली ती एवढीच की, दरपत्रक पाटीसाठी मागवले आणि त्याच दरात वहीही सोपवून टाकली.

पाटी आणि वही यांतला भेद तांत्रिक बाजूनेही खरा आहे. मंदिराचा इतिहास, पत्ता, दर्शनाच्या वेळा आणि चार छायाचित्रे एवढेच असलेले संकेतस्थळ म्हणजे आधी लिहून ठेवलेली पाने होत. वाचकाने मागितले की सर्व्हर ते पान जसेच्या तसे पाठवतो. परंतु यात्री निवासातील खोली आरक्षित करणे, वय आणि शिक्षण पाहून स्थळ शोधणे, देणगीची पावती काढणे यांसाठी पान आधी लिहिलेले नसते. प्रत्येक विचारणेस कार्यक्रम डेटाबेसला प्रश्न विचारतो, डेटाबेस हजारो नोंदींतून हव्या त्या नोंदी निवडतो आणि मग त्या क्षणी पान तयार होते. वाढणारा एकच आणि जेवणारे तीनशे अशी पंगत एकदम बसावी, तसा हा ताण असतो. तो जागेवर पडत नाही; सर्व्हरच्या स्मृतीवर, प्रक्रियाशक्तीवर आणि एका वेळी किती जोडण्या स्वीकारल्या जातात यावर पडतो.

जागेचा हिशेब कागदावर मांडून पाहिला की ‘अमर्याद’ या शब्दाचे मोल कळते. देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह साठवण्यास ३ बाइट लागतात. एका स्थळाची माहिती १,००० चिन्हांची धरली तर ३,००० बाइट झाले. २,००० स्थळांचे ६० लाख बाइट, म्हणजे जेमतेम ६ एमबी. प्रत्येकी २०० केबीची दोन छायाचित्रे धरली तर ती सुमारे ८०० एमबी भरतात. म्हणजे सारे सूचक केंद्र १ जीबीच्या आत बसते. ५० जीबी किंवा अमर्याद जागा घेऊन संस्थेस काहीच मिळत नाही. उलट, मायएसक्यूएल या बहुप्रचलित डेटाबेस प्रणालीची मूळ नेमणूक एका वेळी १५१ जोडण्यांची असते, आणि सामाईक सर्व्हरवर एका ग्राहकाच्या वाट्याला त्याहूनही कमी जोडण्या येऊ शकतात. नोंदणीच्या शेवटच्या संध्याकाळी तीनशे घरांतून एकाच वेळी विचारणा झाली, तर अडचण येथे येते. ही मर्यादा दरपत्रकावर ठळक छापलेली नसते. ती मुद्दाम विचारून लेखी घ्यावी लागते.

होस्टिंगचे प्रकार समजण्यास यात्री निवासाचीच उपमा सोयीची आहे. शेअर्ड होस्टिंग म्हणजे सामाईक दालन : भाडे कमी, झाडलोट व्यवस्थापनाकडे, पण शेजारच्या कुटुंबाने गोंगाट केला तर आपलीही झोप मोडते. एका सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे असतात आणि एकावर गर्दी झाली की बाकीची मंदावतात. व्हीपीएस म्हणजे त्याच इमारतीत स्वतःसाठी राखून ठेवलेली खोली : स्मृती आणि प्रक्रियाशक्ती यांचा ठरावीक वाटा आपला. मात्र येथे एक मेख आहे. साध्या व्हीपीएसवर खोलीची झाडलोट, कुलपे बदलणे, गळती पाहणे हे सर्व भाडेकरूकडे येते. प्रणाली अद्ययावत ठेवणारा जबाबदार माणूस संस्थेपाशी नसेल, तर अशी खोली सामाईक दालनाहून अधिक असुरक्षित ठरते. ‘मॅनेज्ड’ होस्टिंगमध्ये खोली स्वतंत्र आणि झाडलोट व्यवस्थापनाकडे, अशी सोय असते. भाडे अर्थातच अधिक. मोठ्या क्लाउड कंपन्या केवळ डेटाबेस सांभाळण्याची वेगळी सेवाही देतात, परंतु तिचे बिल वापरानुसार येते आणि वार्षिक अंदाजपत्रकावर चालणाऱ्या संस्थेस ते झेपेलच असे नाही.

यावरून मध्यम आकाराच्या संस्थेसाठी निष्कर्ष साधा निघतो. केवळ माहितीची पाने असतील तर चांगले शेअर्ड होस्टिंग पुरेसे आहे. आरक्षण, देणगी आणि सूचक केंद्र असेल तर मॅनेज्ड सेवा घ्यावी. साधा व्हीपीएस मात्र पगारी, नेमलेला तंत्रज्ञ असल्याशिवाय घेऊ नये. हौशी नातलग हा तंत्रज्ञाचा पर्याय होऊ शकत नाही. कारण हौस असते तोवर तो असतो.

यानंतरचा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न दुसऱ्या प्रतीचा. प्रत एकच असली म्हणजे काय होते, हे जैन समाजाइतके कोणास ठाऊक असावे? षट्खंडागमावरील वीरसेनाचार्यांची धवला टीका नवव्या शतकातली. कर्नाटकातील मूडबिद्री येथे जुन्या कन्नड लिपीतील तिची ताडपत्रे शतकानुशतके जपली गेली. मूडबिद्रीबाहेर मात्र तिची प्रत नव्हती. श्रावक दुरून येऊन ताडपत्रांचे दर्शन घेत, वंदन करत आणि परत जात. या ग्रंथाची नक्कल झाली पाहिजे, या तळमळीने सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुढाकार घेतला. नकलेचे काम पुढे विसाव्या शतकातही चालू राहिले. त्यानंतर १९३९ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून पहिला खंड मुद्रित स्वरूपात प्रकाशित केला आणि पुढे एकूण १६ खंड झाले. आज हा ग्रंथ कोणत्याही एका इमारतीच्या सुरक्षिततेवर अवलंबून नाही. वंदन अनेक पिढ्यांनी केले; ग्रंथ निर्धास्त झाला तो नकलेने.

संगणकाच्या जगात इमारती अधिक पक्क्या असतात असे समजण्याचे कारण नाही. १० मार्च २०२१ च्या मध्यरात्रीनंतर फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीच्या केंद्रास आग लागली. पाच मजली इमारत जळून गेली आणि लक्षावधी संकेतस्थळे बंद पडली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. परंतु पैसे मोजून बॅकअपची सेवा घेतलेल्या काही ग्राहकांनाही आपली माहिती परत मिळाली नाही, कारण दुसरी प्रतही त्याच ठिकाणी होती. त्यातील एका ग्राहकाने दावा लावला आणि २०२३ मध्ये तेथील वाणिज्य न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. नुकसानभरपाई मिळू शकते; जळालेली नोंद मिळत नाही.

दुसरे उदाहरण त्याहून बोधप्रद आहे, कारण त्यात आग नव्हती, होती ती केवळ थकलेल्या माणसाची चूक. संगणकतज्ज्ञांच्याच उपयोगाची सेवा चालवणाऱ्या गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री उशिरा काम करणाऱ्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली. क्षणार्धात चूक ध्यानात आली, तोवर सुमारे ३०० जीबी माहिती पुसली गेली होती. बॅकअपच्या अनेक व्यवस्था कागदावर होत्या. प्रत्यक्षात एकही नीट चालत नव्हती. रोजची प्रत आवृत्तीच्या विसंगतीमुळे तयारच होत नव्हती आणि त्याबाबतचे इशारे कोणापर्यंत पोचत नव्हते. योगायोगाने सहा तासांपूर्वी अन्य कामासाठी घेतलेली एक प्रत सापडली आणि बहुतांश माहिती वाचली. कंपनीने ही सारी हकिगत लपवून न ठेवता जाहीर केली, हे तिचे मोठेपण होय.

या दोन घटनांतून दोन नियम निघतात. एक, दुसरी प्रत दुसऱ्या गावी आणि दुसऱ्या कंपनीकडे असावी. तज्ज्ञ यासाठी तीन-दोन-एक हे सूत्र सांगतात : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक अन्य ठिकाणी. दोन, उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत मानू नये. रोकड मोजल्याशिवाय कोणताही रोखपाल शिल्लक लिहीत नाही. तीच सवय येथे हवी. वर्षातून दोनदा बॅकअप घेऊन तो वेगळ्या जागी उभा करून पाहावा, एकूण नोंदी जुळतात का ते पाहावे, कोणतीही दहा स्थळे काढून मूळ अर्जांशी ताडून पाहावीत.

येथे एक बारकावा अनेकांच्या नजरेतून सुटतो. छायाचित्रे सहसा डेटाबेसमध्ये नसतात. डेटाबेसमध्ये असते ते केवळ छायाचित्राच्या फाइलचे नाव. फाइल वेगळ्या कप्प्यात असते. केवळ डेटाबेसची प्रत घेतली तर नावे आणि शिक्षण परत येते, चेहरे येत नाहीत. केवळ फाइलींची प्रत घेतली तर चेहरे येतात, कोणाचे ते कळत नाही. म्हणून दोन्हींची प्रत एकाच वेळी घेतली जाते का, हे विचारावे.

मराठी संस्थेने आणखी एक कसोटी अवश्य लावावी, ती देवनागरीची. डेटाबेसमध्ये कोणत्या लिपीची चिन्हे साठवायची, याची नेमणूक आधी करावी लागते. मायएसक्यूएलमध्ये २०१८ साली ८.० ही आवृत्ती येईपर्यंत मूळ नेमणूक पाश्चात्त्य लिपींपुरत्या संचाची होती. अशा ठिकाणी मराठी मजकूर भरला की साठताना अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटू शकतात, आणि एकदा प्रश्नचिन्ह म्हणून साठलेले नाव पुन्हा अक्षरांत येत नाही. नेमणूक ‘यूटीएफ८एमबी४’ या संचाची असावी, असा आग्रह धरावा. करार करण्यापूर्वी ‘सम्यक्त्व’, ‘ज्ञानज्योती’, ‘कुऱ्हाड’ असे जोडाक्षरांचे शब्द भरून, शोधून, वर्णानुक्रमे लावून आणि बॅकअपमधून परत आणून पाहावेत. पाच मिनिटांची ही परीक्षा पुढची पाच वर्षे उपयोगी पडते.

डेटाबेस कोणता, हाही प्रश्न आहे. मायएसक्यूएल १९९५ सालापासून प्रचलित आहे. २०१० मध्ये ती ओरॅकल या कंपनीकडे गेली. तिच्याच मूळ निर्मात्याने २००९ मध्ये मारियाडीबी ही भावंड-प्रणाली सुरू केली. पोस्टग्रेएसक्यूएल ही तिसरी. यांपैकी कोणतीही निवडली तरी चालेल, कारण त्या सर्वत्र मिळतात आणि त्यांतील माहिती साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवून दुसरीकडे नेता येते. एकाच कंपनीच्या खास प्रणालीत वही लिहिली तर वही आपली आणि लिपी परक्याची, असा प्रकार होतो. आवृत्तीही विचारावी. मायएसक्यूएल ५.७ ची देखभाल ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि पीएचपी ७.४ ची नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबली. अशा जुन्या आवृत्तींवरच ठेवणारा पुरवठादार स्वस्त असला तरी टाळावा.

आता दराकडे वळू. पहिल्या मुदतीचा दर हा बहुधा आमंत्रणाचा दर असतो. खरा दर नूतनीकरणाचा. समजा, एका दरपत्रकात पहिल्या वर्षी १,२०० रुपये आणि पुढे दरवर्षी ४,८०० रुपये आहेत. पाच वर्षांचे २०,४०० रुपये झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी धरता २४,०७२ रुपये. दुसऱ्या दरपत्रकात दरवर्षी ३,६०० रुपये समान आहेत. पाच वर्षांचे १८,००० आणि करासह २१,२४० रुपये. पहिल्या वर्षी तिप्पट महाग दिसणारे दुसरे दरपत्रक पाच वर्षांत २,८३२ रुपयांनी स्वस्त ठरते. बॅकअप परत आणून देण्याचे वेगळे शुल्क आहे का, हे विचारल्याशिवाय तुलना पुरी होत नाही.

‘९९.९ टक्के सेवा चालू’ अशी हमीही वाचनात येते. वर्षाचे ८,७६० तास. त्याचा हजारावा भाग म्हणजे सुमारे पावणेनऊ तास. एवढा काळ सेवा बंद राहिली तरी हमी मोडत नाही. ९९ टक्के म्हटले तर साडेतीन दिवसांहून अधिक. हमी मोडली तरी भरपाई बहुधा भाड्यातील सवलतीपुरतीच असते. हमीच्या आकड्यापेक्षा, रात्री दहा वाजता दूरध्वनी केला तर कोण उचलतो, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

राहिला प्रश्न चावीचा. संकेतस्थळाचे नाव म्हणजे डोमेन आणि माहिती ठेवण्याची जागा म्हणजे होस्टिंग, या दोन भिन्न वस्तू आहेत. दोन्हींची नोंद संस्थेच्या नावे, संस्थेच्या पत्त्यावर आणि संस्थेच्या ई-मेलवर असावी. बँकेची तिजोरी एका चावीने उघडत नाही. दोन अधिकाऱ्यांच्या दोन चाव्या लागतात. त्याच न्यायाने मुख्य खात्याचा तपशील अध्यक्ष आणि चिटणीस या दोघांपाशी असावा, प्रवेशासाठी पासवर्डाखेरीज दुसरी पडताळणी असावी, आणि एक मोहोरबंद पाकीट संस्थेच्या लॉकरमध्ये असावे. नूतनीकरणाची तारीख वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत यावी. कार्यकारिणी बदलली की कार्यभार सोपवण्याच्या यादीत पासबुके आणि शिक्क्यांबरोबर या खात्याचीही नोंद व्हावी.

हा प्रश्न आता केवळ शिस्तीचा राहिलेला नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती ज्या संस्थेने गोळा केली, तिचीच जबाबदारी कायद्याने मानली आहे. ‘ती होस्टिंगवाल्याकडे होती’ हे उत्तर चालत नाही. वाजवी सुरक्षाव्यवस्था न ठेवल्यास कमाल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळून घेतलेली संमती लागते. शिष्यवृत्तीचे अर्ज घेणाऱ्या संस्थांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

कायद्याच्या आधीपासून आपल्या धर्मात यावर एक शब्द आहे : अपरिग्रह. संग्रह जेवढा मोठा, तेवढा सांभाळण्याचा भार मोठा, आणि निसटल्यास होणारी पीडाही मोठी. सूचक केंद्रास मुलीचे शिक्षण आणि वय लागते. तिच्या वडिलांचा आधार क्रमांक कशाला लागावा? जिचा विवाह होऊन पाच वर्षे झाली, तिचे छायाचित्र आणि दूरध्वनी क्रमांक आजही शोधात दिसत राहणे हा निष्काळजीपणा आहे, आणि त्याची झळ त्या मुलीच्या नव्या घरास लागू शकते. विवाह ठरला की नोंद काढावी आणि जुन्या बॅकअप प्रतीही ठरावीक मुदतीनंतर नष्ट कराव्यात. जपण्याची वही आणि टाकून देण्याची वही कोणती, हे ठरवणे विश्वस्तांचे काम आहे. ते कोणतीही कंपनी करून देणार नाही.

पुढील सभेत दरपत्रके समोर येतील तेव्हा प्रत्येक पुरवठादारास पुढील सात प्रश्न लेखी विचारावेत.

१. एका वेळी डेटाबेसच्या किती जोडण्या मिळतील आणि गर्दीच्या आठवड्यात त्या वाढवता येतील का?
२. डेटाबेस आणि फाइली या दोन्हींचा बॅकअप किती वेळाने घेतला जातो, किती दिवस ठेवला जातो आणि कोणत्या ठिकाणी?
३. बॅकअप परत आणण्यास किती वेळ आणि किती शुल्क लागते?
४. संपूर्ण डेटाबेस संस्थेस स्वतः केव्हाही उतरवून घेता येईल का?
५. देवनागरीची नेमणूक आणि चालू आवृत्ती कोणती?
६. नूतनीकरणाचा दर, करासह, पाच वर्षांसाठी किती?
७. सेवा सोडायची झाल्यास माहिती किती दिवस राखून ठेवली जाईल आणि नंतर ती खात्रीने पुसली जाईल का?

ज्याची उत्तरे स्पष्ट आणि लेखी येतील, त्याचा दर थोडा अधिक असला तरी तोच स्वस्त समजावा.

वर कल्पिलेल्या संस्थेत हे सात प्रश्न विचारले गेले असते तर भाच्याची सेवा वाया गेली नसती आणि मेळाव्याच्या दिवशी विश्वस्तांना मान खाली घालावी लागली नसती. अजूनही वेळ गेलेली नाही. दीपावलीला भगवान महावीरांचा निर्वाणोत्सव होतो, वहीपूजन होते आणि दुसऱ्या दिवसापासून नवे वीर निर्वाण संवत् सुरू होते. त्या दिवशी संस्थेच्या कार्यालयात नव्या वहीवर कुंकवाने स्वस्तिक रेखून झाले की, चिटणिसांनी संगणकासमोर बसावे, डेटाबेसची ताजी प्रत उतरवून घ्यावी, ती उघडून दहा नावे वाचून पाहावीत आणि मग ती प्रत वहीशेजारी ठेवावी. दहा नावे बरोबर वाचता आली, तर त्या वर्षीचे वहीपूजन खऱ्या अर्थाने पूर्ण झाले असे म्हणता येईल.

जय जिनेंद्र.